पुरी हाळी

आमचा अल्बम 'उडती राख' गाजला तेव्हा पुण्याच्या एका मुलीने फोनवर मुलाखत घेताना विचारलं होतं, की तुमच्या संगीतात एवढी मारामारी कुठून येते. मी म्हटलं, बाई, आम्ही दोघं रेकॉर्डिंगला बसलो की एकमेकांना हाणतो, तिथून येते. ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतोय. माझ्या खालच्या ओठावर अजून वण आहे, माझ्या जोडीदाराने हेडफोन फेकून मारला होता त्याचा. त्याच्या डाव्या कानामागे जो वण आहे तो माझ्या हातचा.

मी घाटनांदूरचा, शेतकऱ्याच्या घरातला, पण शेतात माझं मन कधी रमलं नाही. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवून वाजवून बोटं आणि डोकं दोन्ही बधिर झाली होती. त्याच ऑर्केस्ट्रात हा गायला आला. मेंढपाळाच्या घरातला. त्याचे आईबाप पावसाळा सोडला तर वर्षभर मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे आणि हा परळीत राहून शिकला. पहिल्याच लग्नात त्याने नवरदेवाच्या चुलत्याला स्टेजवरून खाली ढकललं, कारण गाणं चालू असताना चुलता माईक मागत होता. खाली एकच गोंधळ उडाला, खुर्च्या उडाल्या, आम्हाला जेवण न देता हाकलून लावलं. जोडी जमवायची तर याच्याशीच, हे मी त्या रात्री उपाशीपोटी ठरवलं.

परळीत आम्ही एक खोली घेतली. खिडकी बंद असली तरी थर्मलच्या वीजकेंद्राची राख आत यायचीच. सकाळी आधी ओल्या फडक्याने कीबोर्ड पुसायचा, मग चहा, मग भांडण. मला तेव्हा परदेशातल्या जुन्या गाण्यांचं वेड लागलं होतं, ऐंशीच्या दशकातली, ज्याला तिकडे न्यू वेव्ह म्हणतात. कोरडा ड्रम, थंडगार सिंथ म्हणजे मशिनी कीबोर्ड, आणि गाणारा असा, की फ्रीजचं दार उघडून आत तोंड घालून गातोय. त्याला वेड होतं सोलचं. काळ्या लोकांची चर्चमधून आलेली ती गाणी त्याने फोनवर पहिल्यांदा ऐकली आणि मला झोपेतून उठवून म्हणाला, "हे तर आमच्यावानीच गात्यात बे. आमच्या देवापुढं ढोलावर बसले तर कुनाला कळनार बी न्हाई." त्याचा स्वतःचा आवाज तसाच होता, बेंबीच्या देठापासून येणारा. मला गार हवं होतं, त्याला गरम. त्या ओढाताणीत आमची सगळी गाणी झाली आणि माझा ओठ फुटला तोही त्यातच.

चौथं गाणं मात्र अडलं. मधोमध सगळं थांबायचं आणि तिथे काहीतरी यायला हवं होतं, ते काही केल्या येईना. बासरी लावली, ढोल लावला, त्याने नुसता आ लावून पाहिला. मी प्रत्येक वेळी म्हणायचो, नकली वाटतंय, आणि तो माझ्या अंगावर धावून यायचा. अशाच एका दुपारी त्याचा बाप दारात उभा राहिला. लेकाला भेटायला एसटीने आला होता, मेंढरं मागे आमच्या घाटनांदूरच्या रानात त्याच्या बायकोपाशी ठेवून. सोयाबीन निघालं की दरवर्षी त्याचा कळप आमच्या शेतात बसतो, आम्हाला खत मिळतं आणि त्यांना चारा. त्याला सगळे आबा म्हणायचे, मीही म्हणायचो. आबाने आमची झटापट बघितली, दोघांच्या मधून शांतपणे वाट काढली आणि माठातलं पाणी प्यायला.

हाळीची कल्पना जोडीदाराचीच. मेंढरांना बोलवायची जी आरोळी असते ती हाळी. प्रत्येक कळपाची वेगळी. दुसऱ्याच्या हाळीला मेंढरू मान वर करत नाही, आणि आपल्या हाळीला तोंडातला घास टाकून पळत येतं, कारण हाळी झाली म्हणजे पुढे पाणी असतं, पाला असतो नाहीतर मुक्काम. म्हणून जत्रेत कुणी हौसेने म्हटलं, मारून दाखवा, तर मेंढपाळ अर्धीच मारतो. शेवटचा वर चढणारा सूर गिळून टाकतो. आजूबाजूला कळप असला तर उगाच उठायला नको.

आबा माईकसमोर उभा राहिला. लेक म्हणाला, "आबा, अर्धीच मारा. आमी पुढचं बघतो."

"कावून अर्धी?" आबा म्हणाला. "हितं कुटं मेंढरं हायेत? मेंढरं तिकडं हायेत घाटनांदूरला. पुरी घे. तुमच्या मशिनीत काय अर्धंमुर्धं नगं."

कानावर हात ठेवून त्याने पुरी हाळी दिली. आधी छातीतला खोल हुंकार, मग जिभेने तीनदा तोडलेला आवाज, आणि मग तो वर जात गेला, जात गेला. मी त्याच्याखाली सिंथचा एकच थंड सूर लांबवला आणि दुसरं काही केलं नाही. त्या खोलीत आम्ही न भांडता केलेलं तेवढंच एक काम. आबाने हेडफोन लावून ऐकलं, लाजला आणि म्हणाला, "लई मोटा आवाज करतंय तुमचं मशिन." माझ्या आयुष्यात त्या दिवसाइतका आनंद मला क्वचित झाला असेल.

अल्बम आला आणि बघता बघता हाताबाहेर गेला. ज्यांना सोल म्हणजे बुटाचा तळ एवढंच माहीत होतं ते लोक आमच्या गाण्यावर नाचत होते. चौथं गाणं तर सगळ्यांच्या फोनवर, लग्नात, हळदीत, केस कापायच्या दुकानात. हाळी आली की नाचणारे थांबायचे, हात वर करायचे आणि तो वरचा सूर सगळे मिळून ओढायचे. डीजेवाल्यांनी ती हाळी कापून तीनतीनदा जोडली. पुढच्या वर्षी उसाचा हंगाम सुरू झाला तशी कारखान्याला जाणाऱ्या ट्रॅक्टरवर तीच. आमच्याकडे उसाच्या ट्रॅक्टरला डोक्यावर कपाटाएवढे स्पीकर असतात, दोन गावं पलीकडे ऐकू जातात. आम्ही ऐकायचो आणि फुशारून जायचो. मेंढरांना कान असतात, हे आम्हा शहाण्यांच्या डोक्यात आलं नाही आणि जन्मभर मेंढरांत राहिलेल्या आबाच्याही आलं नाही. हाळी म्हणजे हाळी देणारा माणूस, तो परळीला असला तर हाळी परळीला, एवढा साधा त्याचा हिशेब होता.

मग एका पुढाऱ्याचा वाढदिवस आला. घाटनांदूरच्या रस्त्याने मिरवणूक, पुढे डीजेचा ट्रक, त्यावर आम्ही दोघं. आपल्या भागाचे कलाकार म्हणून आम्हाला फेटे बांधले होते, हातात काचेचं जड स्मृतिचिन्ह दिलं होतं. दुपारचं ऊन. पोरं दारू पिऊन तर्र. आबाचा कळप डोंगराकडून आदल्याच रात्री आमच्या शेतात येऊन बसला होता. मिरवणूक त्या शेताच्या अंगाला आली आणि डीजेवाल्याने चौथं गाणं लावलं. मी वरून लोकांना हात दाखवत होतो.

हाळी वाजली आणि रानातून धूळ उठली. आधी मला वाटलं वावटळ आहे. मग मेंढरं दिसली. सगळा कळप बांध ओलांडून, खाली मान घालून, जीव खाऊन पळत येत होता आणि त्यांच्यामागे आबा घोंगडी टाकून, हातवारे करत, अनवाणी. मेंढरं गर्दीत घुसली. नाचणारे तोंडावर पडले, कुणाचा पाय मुरगळला, पुढाऱ्याच्या गाडीपुढचा फुलांचा गालिचा तुडवला गेला. मेंढरांना त्याचं काही नव्हतं. ती माणसांच्या पायांतून वाट काढत ट्रकपाशी आली आणि स्पीकरच्या पेटीला तोंड लावून वर बघत उभी राहिली. पाणी कुठंय, असं विचारल्यासारखी.

"मुद्दाम सोडली रे, मुद्दाम!" कुणीतरी ओरडलं. "विरोधकांचा माणूस हाय ह्यो!"

मग झेंड्यांचे बांबू निघाले. मी आजवर मारामाऱ्या पुष्कळ पाहिल्या, केल्या, पण अशी पाहिली नाही. पोरं मेंढरांना बांबूने हाणत होती आणि नाचता नाचता हाणत होती, कारण गाणं चालूच होतं. पुन्हा हाळी वाजली आणि जी मेंढरं मार खाऊन बांधापर्यंत पळाली होती ती वळून परत आली, पुन्हा बांबूंखाली. तिसऱ्यांदा वाजली, पुन्हा आली. डोकी फुटत होती, एक गाभण मेंढी चाकाखाली गेली. आबा त्या गर्दीत शिरून ओरडत होता, "बंद करा, त्ये बंद करा!" पण कुणाला वाटलं तो गाणं बंद करून साहेबांचा अपमान करतोय. त्याने मेंढीवर पडणारा बांबू हातावर झेलला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला नाही, एवढ्या आवाजात शक्यच नव्हतं, पण हात कोपराखाली नको तिथे वाकला ते मी पाहिलं.

माझा जोडीदार ट्रकवरून उडी मारून खाली होता. त्याने स्पीकरच्या घोडीचा लोखंडी पाइप उपसला होता. मी आधी डीजेवाल्याच्या टाळक्यात स्मृतिचिन्ह घातलं, मग त्याचं मशिन लाथेने खाली पाडलं. गाणं बंद पडलं आणि एकदम माणसांच्या शिव्या आणि मेंढरांचं ओरडणं ऐकू आलं. मग मी पण खाली. आबाचा हात मोडणाऱ्या बांबूवाल्याला मी पालथा पाडला आणि माझ्या फेट्यानेच त्याचा गळा आवळला, तोवर माझ्या पाठीत इतके बांबू बसले की मला श्वास घेता येईना. मला कुणी सोडवलं ते आठवत नाही. तोंडात माती होती आणि रक्त होतं, आणि डोळ्यांसमोर जोडीदार बापाला पाठीवर घेऊन रस्त्याने पळत होता.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात आबाच्या हाताला प्लास्टर बसलं. दुसऱ्या दिवशी पुढाऱ्याकडून एक माणूस फळं घेऊन आला. गैरसमज झाला म्हणाला. जोडीदाराने त्याच्या अंगावर फळं फेकली, मग स्टूल फेकलं. नर्सने आम्हाला व्हरांड्यात काढलं. तिथे तो म्हणाला, "मी कुऱ्हाड आणतो. एकाला तरी तोडतो." तो नुसता बोलणारा नाही हे मला ठाऊक होतं. मी त्याला खाली पाडलं आणि छातीवर बसून राहिलो. तो खालून मला बुक्क्या मारत होता आणि रडत होता, मीही रडत होतो. आतून आबाचा आवाज आला, "त्या पोरायला तोडून मेंढरं जगनार हायेत का? मेंढरापाशी जा. तुजी माय येकली हाय."

त्याची माय खरंच एकटी होती, आणि रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर चालले होते. आम्ही पोचायच्या आतच एक गेला होता, आमचं गाणं वाजवत. मला वाटत होतं की एवढा मार खाल्ल्यावर मेंढरं आता हाळीला बिचकतील. पण मार दिला होता अनोळखी पोरांनी, हाळीने तर जन्मभर पाणीच पाजलं होतं. कळप उठून रस्त्यावर धावला. माय एकटी किती अडवणार? ट्रॉलीच्या चाकाखाली दोन कोकरं आणि एक मेंढी गेली. आम्ही गेलो तेव्हा माय रस्त्याच्या कडेला बसून मेलेल्या कोकराच्या अंगावरची माती झटकत होती. लेकाकडे बघून ती म्हणाली, "तुज्या आबाचा आवाज आला रं. मलाबी वाटलं आबाच आले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात लांबून दुसरा ट्रॅक्टर येत होता, तेच गाणं. आम्ही रस्त्यात आडवे उभे राहिलो. मी ड्रायव्हरला कॉलर धरून खाली ओढला आणि काही न विचारता दोन कानाखाली लावल्या. जोडीदाराने पेनड्राइव्ह काढून दगडाने ठेचला. ड्रायव्हर मार खाताखाता आमच्या तोंडाकडे निरखून बघत होता. मग रक्ताळलेल्या दातांनी हसला आणि म्हणाला, "आरं, तुमीच का ते? लई भारी गानं हाय तुमचं. आमी दिसभर तेच लावतो." माझा उगारलेला हात तसाच राहिला. या माणसाला मारायचं तरी कशासाठी?

आम्ही आमच्याकडून नेटवरचं गाणं काढून टाकलं. फोनवरून गेलं, पण पेनड्राइव्हमध्ये होतं, मेमरी कार्डात होतं, प्रत्येक डीजेच्या मशिनमध्ये होतं. परळी, माजलगाव, जिथे ओळख होती तिथे मी फिरलो. काहींनी काढलं, काहींनी हसून घालवलं, दोन ठिकाणी हाणामारी झाली. आपण गायलेलं गाणं परत मागायला दारोदार फिरायचं आणि लोकांनी आपल्यालाच हसून घालवायचं, हा काय प्रकार आहे ते ज्याच्यावर आलंय त्यालाच कळेल. इकडे रोज ट्रॅक्टर जात होते आणि जोडीदार व माय दिवसभर रस्त्याच्या कडेने काठ्या घेऊन पळत होते. तरी एखादं मेंढरू जायचंच.

आबा दवाखान्यातून आला तो थेट रानात. हात गळ्यात अडकवलेला. मेलेल्या मेंढरांबद्दल त्याने एकही प्रश्न विचारला नाही. सकाळी त्याने लेकाला बोलावलं आणि काठी दिली.

"मी हाळी देतो," तो म्हणाला. "जे मेंढरू येईल त्याला तू हाण. तोंडावर हाण. माझा हात चालत न्हाई, न्हाईतर मीच हाणलं असतं."

जोडीदाराला आधी कळलं नाही. मला कळलं. "आबा," जोडीदार म्हणाला, "दुसरीकडं जाऊ. लांब जाऊ."

"कुटं जातूस? डोंगरातला चारा सरला, माजलगावकडं तर बांधाबांधाला ऊस हाय. जितं ऊस तितं ट्रॅक्टर, जितं ट्रॅक्टर तितं तुमचं गानं." लेक हलेना तसा आबा ओरडला, "हाळीला आली तर मरत्यात रं ती! हाण!"

आणि त्याने हाळी दिली. खोल हुंकार, तीनदा तोडलेला आवाज, वर चढत जाणारा सूर. सगळी मेंढरं माना वर करून धावत निघाली. सगळ्यात पुढे म्होरकी मेंढी होती, म्हातारी, आबाच्या हातातली भाकरी खाणारी. ती आबाकडेच येत होती. जोडीदाराने डोळे मिटून काठी घातली. ती तिच्या नाकाडावर बसली. मेंढी मागे सरली, शिंकल्यासारखं करत रक्त उडवलं आणि मारणाऱ्याकडे न बघता आबाकडे बघत राहिली. आबाने पुन्हा हाळी दिली. ती पुन्हा आली.

मला तिथून पळून जायचं होतं. पण कळप मोठा होता आणि जोडीदार एकटा होता, म्हणून बाभळीची एक फांदी तोडून मीही उभा राहिलो. माय पाठ फिरवून चुलीपाशी बसली. आबा हाळी द्यायचा आणि आम्ही दोघं हाणायचो. मेंढरं यायची, मार खायची, पळायची आणि पुन्हा हाळी झाली की पुन्हा यायची, जरा हळू, जरा लांबून. कोकरांनाही मारलं. जोडीदार मारताना मोठमोठ्याने शिव्या देत होता, मेंढरांना, मला, गाण्याला, त्या मिरवणुकीतल्या पोरांच्या आयांना. माझे हात फांदीच्या काट्यांनी सोलून निघाले होते आणि मला ते बरंच वाटत होतं. दुपार झाली. आबाचा आवाज फाटला होता, पण वरचा सूर एकदाही खाली आला नाही. पाण्यावर न्यायचं असावं इतक्या मायेने तो प्रत्येक वेळी बोलवत होता.

ऊन उतरताना आबाने हाळी दिली आणि एकही मेंढरू आलं नाही. म्होरक्या मेंढीने मान वर केली, थरथरली, आणि तोंड फिरवून उलट्या दिशेला पळाली. तिच्यामागे सगळा कळप पळाला. आबाने खात्री करायला अजून एकदा दिली. ती आणखी लांब गेली.

जोडीदाराने काठी टाकून दिली आणि मातीत बसला. आबा मेंढरांकडे चालत निघाला, चांगला हात पुढे करून, नुसताच तोंडाने चुचकारत. तो एक पाऊल पुढे गेला की कळप एक पाऊल मागे सरत होता. बांधापर्यंत गेल्यावर तो थांबला. आमच्याकडे वळून, बसलेल्या आवाजात म्हणाला, "आता लावू द्या कुनालाबी तुमचं गानं."